चादरीची चार टोकं

आधीच सांगून टाकते, या गोष्टीत मी फारशी चांगली नाही. अगदी शेवटी अर्धा तास जरा सुधारते, तेवढंच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या वसतिगृहातल्या चौऱ्याऐंशी मुलींना ठाऊक आहे, रेक्टर मॅडमना ठाऊक आहे आणि घरी नवऱ्याला तर लग्नाच्या आठव्या दिवशीच कळलं. पण गोष्ट माझी नाही, चादरमावशींची आहे. आणि ती सांगायला घेतली की आजही मला धाप लागते. त्या दहा आठवड्यांत मी जेवढी जिन्यावरून वर-खाली धावले, तेवढी शाळेत असताना शर्यतीतसुद्धा धावले नव्हते.

मी मुलींच्या वसतिगृहात कारकून आहे. सगळ्याजणी मला ऑफिसबाई म्हणतात, पण ऑफिस म्हणाल तर ते जिन्याखाली. एक टेबल, एक कपाट, एक कॉम्प्युटर आणि डोक्यावर लाकडी जिना. वरून मुली भरलेल्या बादल्या घेऊन निघाल्या की फटींतून थेंब थेट माझ्या रजिस्टरवर. नऊ वर्षं मी डोक्यावरच्या पावलांच्या आवाजावर कोण उतरतंय ते ओळखत आलेय आणि नऊ वर्षं 'सावकाश' म्हणून ओरडत आलेय. कोणी एक दिवस सावकाश उतरलं असेल तर शपथ.

माझ्या टेबलासमोर चादरींचं स्टोअर. स्टोअरच्या मागे मावशींची खोली. लहानशीच, पण अंगणाकडे खिडकी, दोन भिंतींना प्लग आणि डोक्यावर छत. त्या खोलीवर माझा डोळा होता. खोटं कशाला बोलू?

चादरमावशी हे नाव मुलींनी ठेवलेलं. चादरी, उशांचे अभ्रे, गाद्या, सगळं त्यांच्या ताब्यात. त्या इथे आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. लग्न झालेलं होतं, पण नवरा कामासाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला तो तिकडचाच झाला. वर्षभर पत्रं आली, मग तीही बंद. भावाने ओळख काढून इथे चादरी धुवायच्या कामाला लावलं. 'चार महिने राहा, मग बघू,' म्हणाला. त्या चार महिन्यांना यंदा एकोणचाळीस वर्षं झाली आणि भावाचं बघून अजून व्हायचं आहे.

आता मोठी चादर घडी घालायची म्हणजे समोर माणूस लागतं. मावशींना माणूस कुणी दिलं नाही. मग त्यांनी काय केलं, तर स्टोअरच्या दाराला आतून दोन खिळे ठोकले. चादरीची दोन टोकं खिळ्यांना अडकवायची, दोन आपल्या हातात, ताणायची, झटकायची आणि हातातली टोकं घेऊन चालत दारापाशी जायचं. दर रविवारी चौऱ्याऐंशी वेळा. ते खिळे अजून आहेत, घासून घासून त्यांची डोकी चकचकीत झाली आहेत.

मुलींच्या जोड्या लावायचं काम त्यांच्याकडे आलं ते असंच. खूप वर्षांपूर्वी सात नंबरच्या खोलीत दोन मुली होत्या. त्यांचं इतकं बिनसलं, की एकीने दुसरीची सगळी पुस्तकं पाण्याच्या टाकीत टाकली. तेव्हाच्या रेक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. मावशी म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"ते कसं?"

"दोघींना चादर धरायला बोलावलं होतं. एक नुसती ओढत होती. आणि दुसरी तिची ओढ बघून मुद्दाम टोक सोडून देत होती."

पुढच्या वर्षी रेक्टरबाईंनी गंमत म्हणून खोल्या मावशींवर सोपवल्या, आणि ते वर्ष असं सुरळीत गेलं की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. बावीस वर्षं झाली त्याला. बावीस वर्षांत खोली बदलण्याचे अर्ज आले चार. त्यांतले दोन ढेकणांमुळे.

पद्धत काय, तर साधी. नवीन मुलगी आली, ट्रंक ठेवली, की मावशी अंगणात तिच्या हातात चादर द्यायच्या आणि जवळच्या दुसऱ्या मुलीला म्हणायच्या, "हिला जरा धरू लाग गं." बस. मग स्वतः अभ्रे मोजत असल्यासारखं करायच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या. कोण ओढते, कोण ढिली सोडते, कोण समोरचीकडे बघते, कोण नुसती चादरीकडे बघते, घडी जमली नाही तर कोण हसते आणि कोणाचं नाक फुगतं. मग दोघींतली एक बदलायच्या. तिसरी, चौथी. मुलींना वाटायचं, मावशींना मदत करतोय. आणि संध्याकाळपर्यंत खोल्या लागलेल्या असायच्या. "दोन ओढणाऱ्या एकत्र ठेवल्या तर चादर फाटते," मला एकदा म्हणाल्या होत्या, "आणि दोन सोडणाऱ्या ठेवल्या तर मातीत पडते." मी मान हलवली होती आणि मनात म्हटलं होतं, म्हातारीचं काहीतरीच.

तर यंदा संस्थेचं पत्र आलं. सगळ्या वसतिगृहांतल्या खोल्या आता कॉम्प्युटरवर लागणार. जोड्या लावायचं काम संपलं की चादरमावशींना गावाबाहेरच्या मुलांच्या वसतिगृहात धुलाईच्या कामाला पाठवायचं आणि इथली त्यांची खोली ऑफिसला द्यायची. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं राहिलेली. त्या वयात, गुडघे दुखत असताना, ओल्या चादरी पिळायला.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला काय दिसलं सांगू? खिडकी दिसली.

मी आठ दिवस बसून फॉर्म तयार केला. अकरा प्रश्न. किती वाजता झोपता, आवाजाचा त्रास होतो का, विषय कोणता, टापटीप आवडते का. प्रत्येक उत्तराला गुण, आणि ज्यांचे गुण जवळ त्यांची जोडी. मला माझाच इतका अभिमान वाटला, की घरी सासूबाईंनाही तो फॉर्म भरायला लावला. त्यांनी सातव्या प्रश्नावर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, खरं कोण लिहील यात?" मी म्हटलं, तुमचं वय झालं.

रेक्टर मॅडम मनाने मऊ, पण संस्थेला घाबरून. त्यांनी संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांना वर आपल्या खोलीत बोलावून विनंती केली, की यंदा निदान पारखून तरी बघू. नवीन मुली अठ्ठेचाळीस. वरच्या मजल्यावरच्या बारा खोल्या कॉम्प्युटरने लावू, खालच्या बारा मावशींनी. सहामाही परीक्षा संपेपर्यंत थांबू. साहेब म्हणाले, ठीक आहे, ज्या मजल्याचे अर्ज कमी तो जिंकला.

इथे मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं मला. पण माझी जीभ म्हणजे, नवरा म्हणतो तसं, उचलली की टाळ्याला लागते. मी म्हटलं, "साहेब, कॉम्प्युटरचं पहिलंच वर्ष आहे, त्याचं थोडं इकडे-तिकडे होणार. मावशींना बावीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांच्या मजल्यावरून एकही अर्ज येता कामा नये. एक जरी आला तरी काय समजायचं ते समजू."

साहेबांना ते पटलं. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, की मी फाईल बघायला लागले. मावशी दारात उभ्या होत्या, हातात अभ्रे. सगळ्यांना वाटलं, आता भांडतील. त्या म्हणाल्या, "बरं." आणि अभ्रे घेऊन खाली गेल्या.

प्रवेशाचा दिवस म्हणजे काय धांदल असते! अंगणात ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, आया, बाप, आत्या, मावश्या, एक आजोबा तर खुर्चीसकट आलेले. माझी यादी ठीक नऊ वाजता फळ्यावर. बापलोक खूश, यादीतलं नाव शोधायचं, किल्ली घ्यायची, वर चढायचं. साडेदहाला माझा मजला भरलासुद्धा. मी खाली येऊन हाताची घडी घालून उभी राहिले आणि मावशींची गंमत बघायला लागले. अंगणात नुसत्या चादरी. इकडे दोघी, तिकडे दोघी, एका जोडीची चादर झाडात अडकलेली, एक मुलगी हसून हसून खाली बसलेली. मावशी मधूनच जायच्या, "तू इकडे ये गं, हिच्याकडे," एवढंच म्हणायच्या. दुपारचे चार वाजले.

त्यातच त्यांनी नऊ नंबरची जोडी लावली, आणि मी मनातल्या मनात उडीच मारली. एक मुलगी अशी, की गेटमधून आत आल्यापासून तिचं तोंड बंद नव्हतं. धडा पाठ करायचा तर मोठ्याने, आंघोळीला जाताना मोठ्याने, झोपेतसुद्धा मोठ्याने. चार दिवसांत तिचं नाव रेडिओ पडलं. आणि दुसरी? तिला नाव विचारलं तर वहीवरचं बोटाने दाखवलं. ती मौनी. या दोघी एका खोलीत! मी नवऱ्याला सांगितलं, पंधरा दिवसांत नऊ नंबरचा अर्ज माझ्या टेबलावर. पडद्याला कापड कोणतं घ्यायचं ते बघून ठेव.

पंधरा दिवस झाले. अर्ज आला. वरच्या मजल्याचा.

मग दुसरा आला, तोही वरचा. मी फॉर्म काढून बघितले, गुण तंतोतंत जुळत होते. मुलींना बोलावलं तेव्हा एक म्हणाली, "तो फॉर्म माझ्या बाबांनी भरला. मी लवकर उठते असं त्यांना वाटतं." दुसरीचा मामाने. तिसरीने स्वतः भरला होता, पण आई शेजारी उभी. अठ्ठेचाळीस फॉर्ममध्ये अठ्ठेचाळीस मुली पहाटे उठणाऱ्या, टापटीप आणि कुणाशी न भांडणाऱ्या. मला सासूबाईंचं पेन ठेवणं आठवलं आणि अंगाचा तिळपापड झाला. घरी मात्र यातलं काही बोलले नाही.

सहा आठवड्यांत वरून सहा अर्ज. मी खोल्या बदलून बदलून थकले. एक मुलगी कॉलेज सोडून गेली, तिच्या खाटेवर चौदा नंबरमधली एक हलवली. चौदा नंबरच्या त्या दोघींचे गुण सगळ्यांत जास्त जुळलेले होते, दोघी शांत, दोघी अभ्यासू. महिन्याभरात एकमेकींशी दहा शब्द बोलल्या नव्हत्या. एक गेली, एक राहिली. राहिली तिला मी म्हटलं, "चैन आहे तुझी, आख्खी खोली मिळाली." ती पुस्तक घेऊन जिन्याकडे गेली.

पण अट काय होती? माझे सहा येवोत नाहीतर साठ, खालून एक आला की झालं. माझं सगळं लक्ष खाली. मी काहीतरी निमित्त काढून नऊ नंबरवरून जायचे. आतून रेडिओ चालू. दारात उभी राहून विचारायचे, "काय, त्रास नाही ना होत?" मौनी मान हलवायची, नाही. एकदा मुद्दाम म्हटलं, "होत असेल तर फॉर्म आहेत हो माझ्याकडे." तेवढ्यात मागे वळले तर मावशी. ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं, आता उद्धार होणार. त्या म्हणाल्या, "ऑफिसबाई, तुमच्या डोक्यावर पाणी पडतं ना जिन्यातून? जुनं मेणकापड आहे माझ्याकडे. खालून ठोकून देऊ का?"

मी म्हटलं, राहू द्या. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर ठोकलेलं होतं. राग आला मला. खरंच आला. ज्याच्याशी भांडायचंय त्याने असं वागलं की राग ठेवायचा कुठे?

मेणकापडामुळे पाणी थांबलं, पण एक पायरी त्यातून सुटली होती, खालून दहावी. तिच्या फटीतून मला रोज दोन पाय दिसायला लागले, निळ्या पट्ट्यांच्या चपला. चौदा नंबरची. ती कॉलेजातून आली की पुस्तक घेऊन त्या पायरीवर बसायची, दिवेलागणीपर्यंत. तिथून नऊ नंबरचं दार समोर दिसतं. मी दोन-तीनदा ओरडले, "वाटेत बसू नको, वर खोली आहे ना तुला?" ती उठायची, चार पायऱ्या चढायची, मी वळले की पुन्हा खाली. मग मीच कंटाळले. खालचा मजला गप्प, परीक्षा सुरू झाली आणि मावशी आपल्या रोजच्यासारख्या. फक्त एकदा बघितलं, त्यांच्या खोलीत खाटेखाली ट्रंक होती ती बाहेर काढून पुसून ठेवलेली. जायची तयारी म्हणून, की उगाच, मी विचारलं नाही.

शेवटचा दिवस. शेवटचा पेपर दोनला सुटला. पाचला ऑफिस बंद, आणि पाचला मुदत संपणार. सेक्रेटरीसाहेब साडेचारलाच येऊन वर मॅडमच्या खोलीत चहा घेत बसलेले. मी टेबलाशी, हातात पेन, समोर उघडं रजिस्टर. खालच्या मजल्याच्या रकान्यात दहा आठवड्यांत एक टिंबसुद्धा नाही. स्टोअरमधून चादर झटकल्याचा आवाज येत होता.

चार पस्तीसला माझ्यासमोर दोघी उभ्या राहिल्या. रेडिओ आणि मौनी. रेडिओच्या हातात कागद. आणि मथळा मला उलटाही वाचता आला, कारण तो फॉर्म मीच छापून घेतला होता: खोली बदलण्याचा अर्ज.

"ऑफिसबाई, हे..." रेडिओने सुरुवात केली.

मी तिला बोलूच दिलं नाही. रेडिओला बोलू न देणारी मी पहिलीच असेन. कागद घेतला, वर 'खोली: नऊ' दिसलं, खाली सह्या दिसल्या, ठप्प करून शिक्का मारला आणि पळाले. दोन-दोन पायऱ्या एकदम. मेणकापड हललं, दहावी पायरी करकरली, मी थांबले नाही. दार न वाजवता आत गेले आणि कागद साहेबांच्या कपाशेजारी ठेवला. "आला," मी म्हटलं, "नऊ नंबर. शिक्का चार छत्तीसचा आहे."

मॅडमचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "झालं तर मग. बोलवा त्या बाईंना."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "निदान कारण तरी वाचा. काय त्रास झाला मुलींना?"

"वाचते की," मी म्हटलं आणि मोठ्याने वाचायला लागले. आता हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कसं असतं, तर असं असतं. मी जे वाचलं ते असं होतं:

'अर्जदार: आम्ही तिघी. सध्याची खोली: चौदा. हवी असलेली खोली: नऊ. कारण: चौदा नंबरची आमची मैत्रीण महिनाभर एकटी राहते आहे. तिच्या घरी नऊ माणसं आहेत, तिला एकटीला झोप लागत नाही. म्हणून ती रोज जिन्यात बसते, तिथे आमचा आवाज येतो. आमच्या खोलीत खिडकीखाली तिसरी खाट बसते, आम्ही दोरीने मोजून बघितलं आहे. आम्ही तिघींनी चादरीची घडी घालूनही बघितली. पहिल्यांदा जमली नाही. एकीने मधे धरलं, मग जमली. तरी परवानगी मिळावी.'

खाली तीन सह्या. अक्षर मौनीचं. मला त्या निळ्या पट्ट्यांच्या चपला दिसल्या. रोज दिसत होत्या हो, माझ्या डोक्यावर दीड हात. मी ओरडत होते, वाटेत बसू नको.

मग साहेबांनी कप खाली ठेवला. "छान लिहिलंय," म्हणाले. "पण अर्ज तो अर्ज. नऊ नंबरच्या दोन मुलींची सही आहे. अट तुम्हीच घातली होती ऑफिसबाई, एक जरी आला तरी."

मी घातली होती. खरं होतं. पाचला वीस मिनिटं कमी होती, आणि ती खिडकीची खोली, दोन प्लग, छत, सगळं माझ्या हातातल्या कागदावर होतं. गप्प बसले असते तरी पुरलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसायचा फायदा होता.

पण राग आला मला. आधी स्वतःचा आला, आणि माझा राग एके ठिकाणी थांबत नाही, मग साहेबांचा आला. मी म्हटलं, "साहेब, 'सध्याची खोली' या रकान्यात काय लिहिलंय? चौदा. खाट कुणाची हलणार? चौदाची. नऊमधून कुणी बाहेर जातंय का? एक उशीसुद्धा जात नाही. हा अर्ज वरच्या मजल्याचा आहे. माझा सातवा."

"पण सह्या..."

"सह्या शेजाऱ्यांच्याही असतात. फॉर्म मी केलाय, रकाने मी आखलेत, रजिस्टर माझ्या ताब्यात आहे. नऊ वर्षांत मी एक नोंद चुकीच्या रकान्यात केलेली नाही, आजही करणार नाही."

रेक्टर मॅडम उभ्या राहिल्या. त्यांना साहेबांपुढे उभं राहून बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. "रेक्टर म्हणून मी ही नोंद मान्य करते," त्या म्हणाल्या. "वरचा मजला सात. खालचा शून्य. लिहा ऑफिसबाई."

मी तिथेच टेबलावर वाकून अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं. साहेबांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला खोली हवी होती ना?"

"जिन्याखाली बरं आहे," मी म्हटलं. "ऊन लागत नाही."

ते हसले की खाकरले, मला कळलं नाही, पण मावशींच्या बदलीचं पत्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि रद्द म्हणून कळवतो म्हणाले. मी पुन्हा पळाले. या वेळी खाली. अर्ध्या जिन्यात तिघी उभ्या होत्या, घाबरून एकमेकींना चिकटून. "खाट उद्या सकाळी मिळेल," मी ओरडले, "आणि यापुढे अर्ज दिला की तोंडाने पण सांगायचं." रेडिओ म्हणाली, "सांगत होते की मी." बरोबर होतं तिचं.

स्टोअरचं दार आतून लोटलेलं. ढकललं तर उघडेना, कारण खिळ्यांना चादर अडकवलेली. "मावशी, मी आहे," म्हटलं, तेव्हा त्यांनी टोकं काढून आत घेतलं. मला धाप लागली होती. सगळं सांगितलं, एका दमात, माझा शिक्का, माझं धावणं, माझ्या डोक्यावरच्या चपला, सगळं. माझी बाजू घेऊन काही सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं."

"बरं काय? जायचं नाहीये तुम्हाला. इथेच राहायचंय."

त्या खाली बघून हातातली चादर सरळ करायला लागल्या. ती सरळच होती. बराच वेळ सरळ करत राहिल्या. नंतर दाराकडे वळून टोकं पुन्हा खिळ्यांना अडकवायला गेल्या, एवढीच शेवटची राहिली होती. मी पुढे होऊन ती दोन टोकं त्यांच्या हातातून घेतली. एकोणचाळीस वर्षांत समोरून कुणी धरलं होतं की नाही देव जाणे, मी तरी नऊ वर्षं समोर बसून धरलं नव्हतं. त्या मागे सरकल्या. चादर ताणली गेली. माझ्याकडून जरा जास्तच ताणली गेली, कारण त्यांचा तोल गेला आणि त्या एक पाऊल पुढे आल्या.

"ओढू नकोस गं," मावशी म्हणाल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला गं म्हणाल्या. "खिळा नुसता धरून ठेवतो, म्हणून मलाच चालत जावं लागतं. तू पुढे ये."

मी पुढे गेले.